लपणातला चारा

१

रविवारी दातांचा दवाखाना बंद आणि फोटोचा स्टुडिओही बंद. मग बहीण-भाऊ चहाचा थर्मास भरायचे, कॅमेऱ्याची बोचकी खांद्याला लावायचे आणि उजाडता उजाडता तळ्यावर हजर व्हायचे. वर्षानुवर्षांचा नेम.

ताई दातांची डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. धाकट्या भावाचा चौकात स्टुडिओ. आठवडाभर तो लोकांना "हनुवटी खाली, डोळे मिटू नका" असं बजावत ओळखपत्रांचे फोटो काढायचा आणि रविवारी पक्ष्यांपुढे हात टेकायचा, कारण पक्षी कुणाचं ऐकत नाहीत. तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू. म्हणून ताईनं त्याचं नाव ठेवलं होतं गप्पीदास. त्या नावाचा एक पक्षीही आहे, तोही काटकीवर बसून दिवसभर किटकिट करत असतो. पुढे त्याचं नुसतं गप्पी झालं.

तळ्याच्या काठाला बोरूच्या, म्हणजे उंच पाणगवताच्या, दाटीत एक लपण होतं. लपण म्हणजे फळ्यांची बुटकी खोली. आत एक लांब बाक, समोर डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट. फटीतून लेन्स बाहेर काढायची आणि श्वास रोखून बसायचं. या दोघांच्या आधी तिथे हवामानकाका ठाण मांडून बसलेले असत. हवामान खात्यात उभा जन्म नोकरी केलेले, एकटे, गोड माणूस. त्यांचा अंदाज सहसा चुकायचा आणि त्यावर सगळ्यांत आधी तेच हसायचे.

त्या वर्षी शरद ऋतू जाता जाता पिसाळला. एका वाऱ्यात झाडं उघडी पडली. पावसात बर्फाचा चुरा मिसळून येऊ लागला, तळ्याच्या कडा गोठल्या. वेळेत निघून गेले नाहीत ते पक्षी अडकले. बोरूच्या बुडाशी रोज काही ना काही मरून पडलेलं असे, पाय वर करून.

त्या सकाळी गप्पी थिरथिऱ्यावर लेन्स लावून बसला होता. थिरथिरा म्हणजे मुठीत मावेल एवढा, शेपटी सारखी थरथरवणारा भित्रा पक्षी. माणसाची सावली दिसली की पसार. तो फांदीवरून उडाला आणि सरळ फटीतून आत आला. काकांच्या गुडघ्यावर बसला. त्याची शेपटी थरथरत नव्हती. त्यानं काकांच्या पँटला चोच पुसली, एकदा इकडून, एकदा तिकडून, सुरी पुसावी तशी. कापडावर पांढरट, तुपकट ओघळ उमटला.

गप्पी चक्क गप्प झाला आणि फोटो काढत सुटला.

"थंडीनं धीट झालेत हो," काका हसून म्हणाले आणि त्यांनी कोटाची कड हलकेच गुडघ्यावर ओढून घेतली.

ताईनं हातातला चहा ओतून टाकला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

२

संध्याकाळी गप्पीनं फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. थिरथिऱ्याच्या चोचीच्या कोपऱ्यात एक पांढरा धागा लोंबत होता.

"अळी असेल," गप्पी म्हणाला.

"या गारठ्यात अळी? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मग चरबी. लोक झाडाला चरबीचे गोळे टांगतात बघ. काकांनीही टांगला असेल कुठेतरी."

हे पटण्यासारखं होतं. ताईला बरं वाटलं. गप्पीनं पुढचा फोटो उघडला. त्यात चिमणी होती, दाणे टिपणारी, तिच्या चोचीला तेच पांढरं. त्यापुढे टिबुकली, पाण्यात बुड्या मारून मासे खाणारी. तिच्याही चोचीला तेच.

"सगळ्यांची खाणावळ एकच दिसतेय," गप्पी खिदळला.

ताई हसली नाही. टिबुकली झाडावर चढत नाही. मग चरबीचा गोळा पाण्यावर तरंगतो की काय? पण थंडीनं उपाशी मरायची वेळ आली की कोण काय खाईल याचा काय नेम, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि ती कपडे धुवायला टाकायला उठली. काकांशेजारी बसलेल्या बाजूला तिच्या मफलरला एक पांढरा कण चिकटला होता. तिनं तो नखानं उडवायला म्हणून दाबला, तर तो पसरला. कोमट लागला. सकाळचा कण, संध्याकाळी कोमट.

तिनं मफलर धुतला नाही. जुन्या पिशवीत कोंबला आणि पिशवी बाहेर कचऱ्यात नेऊन टाकली.

३

काही दिवसांनी हवामानकाका दवाखान्यात आले, भर दुपारी. कोट काढायला तयार नव्हते, तसेच खुर्चीत बसले.

"दाढ पडली, डॉक्टर. दुखलं अजिबात नाही, म्हणूनच म्हटलं विचारावं."

त्यांनी रुमालातून दाढ काढून दाखवली. मुळासकट निघालेली, कोरडी, उकडून काढल्यासारखी स्वच्छ. त्यावर रक्ताचा डागसुद्धा नव्हता.

ताईनं दिवा ओढला. "आ करा."

तिनं आयुष्यभर लोकांची तोंडं पाहिली होती. सडलेली, पू भरलेली, तंबाखूनं काळवंडलेली. त्यातलं हे काहीच नव्हतं. काकांच्या हिरड्या मेणबत्तीच्या रंगाच्या होत्या. हिरडी दाबली की पांढरी पडते आणि बोट काढलं की पुन्हा लाल होते. ही दबली ती दबलेलीच राहिली, कणकेसारखी. तिनं टोकदार सळई हलकेच टेकवली, तर टोक साबणात जावं तसं आत गेलं.

"दुखतंय?"

"काय?" काकांनी विचारलं. त्यांना कळलंच नव्हतं.

सळई बाहेर काढताना तिच्या टोकाबरोबर एक तुकडा आला. मागे खड्डा राहिला, आणि तो भरला नाही. रक्तानंही नाही, कशानंच नाही. मग वास आला. ताईला कुजण्याचे सगळे वास दारातूनच ओळखू येत. हा कुजण्याचा नव्हता. हा वास खाण्याच्या पदार्थाचा होता, स्निग्ध, ताजा. मास्कच्या आत तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

ती बेसिनकडे धावली. तिथे ओकली, चूळ भरली.

"काका, हे साधं दुखणं नाही," परत येऊन ती म्हणाली. आवाज शक्य तितका डॉक्टरी ठेवला. "मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. आत्ताच्या आत्ता. मी फोन करून ठेवते."

"दुखत नाही म्हटल्यावर हॉस्पिटल कशाला हो? त्यांचेच हाल बघवत नाहीत. थंडीत फार हाल होतात त्यांचे."

खिडकीच्या दुधी काचेवर टकटक झाली. पलीकडे लहान लहान सावल्या दाटीनं बसल्या होत्या. काकांनी मान वळवली. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला, घरी वाट बघणाऱ्या लेकराकडे पाहावं तसा.

"आलो, आलो," ते म्हणाले आणि खुर्चीतून उतरले.

ते गेल्यावर ताईनं सळई उकळली, मग तीही टाकून दिली. हात धुतले. पुन्हा धुतले. कातडी लाल झाली, झोंबायला लागली, तेव्हा कुठे तिला हायसं वाटलं.

४

काका हॉस्पिटलमध्ये गेले नाहीत. फोन उचलेनात.

आणि गप्पीनं स्टुडिओ बंद ठेवायला सुरुवात केली. रोज सकाळी एकटाच तळ्यावर जायचा, चिंब होऊन परतायचा. फोटो असे आणायचा की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. अख्ख्या चौकटीत नुसता एक डोळा, काळा, ओला, त्यात लपणाच्या फटीचं प्रतिबिंब. इतक्या जवळून पक्षी फक्त मेलेला टिपता येतो. हे जिवंत होते.

"अरे, हे काढलेस कसे?"

"जवळ येतात."

एवढंच. ज्याला पाणी मागायलाही चार वाक्यं लागायची, तो आता दोन शब्दांत बोलायला लागला होता. ताटावर बसायचा, घास चिवडायचा, उठून जायचा. डाव्या हातातला मोजा जेवतानाही काढेना.

"भाजलंय का काही? बघू."

"थंडी वाजते."

"घरात?"

त्यानं हात टेबलाखाली नेला. "ताई, तुला पेशंट कमी पडले का?" पूर्वीसारखी थट्टा करायला गेला, पण आवाजात जीव नव्हता.

सकाळी त्याच्या खोलीतून कुजबुज ऐकू यायची. ताई जिन्यात थांबून ऐकायची. "हळू. हळू. सगळ्यांना मिळेल." आणि मग टकटक, टकटक. रेडिओ असेल, ती स्वतःला सांगायची. फोनवर बोलत असेल. कुणीतरी मैत्रीण मिळाली असेल बिचाऱ्याला, चाळिशी उलटल्यावर का होईना. हा विचार इतका बरा होता की त्यावर ती दोन-तीन सकाळी निभावून गेली.

मग एका दुपारी ती त्याची चादर बदलायला गेली. चादरीवर पांढरा चुरा होता. उशीवर नव्हता, फक्त डाव्या बाजूला, हात असतो तिथे. कागदानं गोळा करायला गेली तर तो कागदाला लागून पसरला आणि तोच वास वर आला. या वेळी तोंडाला पाणी सुटायच्या आत तिनं गाल आतून चावला, रक्ताची चव येईपर्यंत.

कातडीचा रोग, तिनं ठरवलं. काकांपासून लागला. संसर्ग. रोग असेल तर उपाय असतो. आज याला धरून हॉस्पिटलमध्ये न्यायचंच. तिनं घरभर हाका मारल्या. गप्पी नव्हता. बाहेर बर्फाचा चुरा आडवा मारत होता आणि त्याचा कॅमेरा खुंटीवर नव्हता.

५

गाडी रस्त्याच्या टोकाला सोडून ती पायवाटेनं निघाली. वारा तोंडावर खडे मारल्यासारखा लागत होता. तळ्यावर एकही पक्षी नव्हता. बोरूच्या बुडाशी मेलेलेही नव्हते. गेले कित्येक आठवडे पाय ठेवायला जपावं लागे, आज सगळं झाडून नेल्यासारखं.

लपणाचं दार लोटलेलं होतं. फटीतून गरम हवा येत होती. आत शेगडी नाही, दिवा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि आवाज. आधी तिला वाटलं पाऊसच. मग वाटलं, कापडावर असंख्य बारीक कात्र्या चालताहेत. घाई नाही, भांडण नाही. निवांत चाललेलं काम.

तिनं दार ढकललं.

ते वाऱ्यानं उघडलं आणि वाऱ्यानंच परत आपटलं. तेवढ्यात जे दिसलं ते दिसलं. बाकावर, जमिनीवर, आढ्यावर पक्षी. चिमण्यांच्या ओळीत बगळा. शिक्रा आणि त्याच्या पंखाला पंख लावून वटवट्या, ज्याला तो एरवी फाडून खाईल. कुणी दचकलं नाही. मध्ये हवामानकाका बसले होते, कोटाची बटणं सोडून. त्यांनी मान वर केली, ओळखीचं हसले. कॉलरच्या वर त्यांचा चेहरा होता. कॉलरच्या खाली, कोटाच्या आत, जिथे माणूस असायला हवा तिथे ताईला बाकाची फळी दिसली, तिच्या गाठींसकट.

"डॉक्टर, दार लावून घ्या," काका म्हणाले. "गारठा येतोय आत."

त्या आवाजात कळ नव्हती, भीती नव्हती. ताई तिथेच वाकली आणि ओकली. ओकता ओकता तिला गप्पी दिसला. फटीशी बसला होता, उजवा हात कॅमेऱ्यावर, क्लिक, क्लिक. डावा हात उघडा, पुढे धरलेला. हात कुठे दिसत नव्हता, नुसती पिसं दिसत होती.

तिनं त्याला मानगुटीला धरून ओढलं. पक्षी उडाले नाहीत. सरकले फक्त. दवाखान्याच्या बाकावर नवा पेशंट आला की आधीचे सरकून जागा करतात, तसे. तिच्यासाठी.

६

पोलिसांना तिनं गाडीतूनच फोन केला. ते अंधार पडायच्या आत जाऊन आले. बाकावर कोट होता, खाली बूट, बुटांत मोजे. काका तळ्यात उतरले असावेत, असं ते म्हणाले. तळ्यात शोधायला उद्या माणसं लावू. "आत घाण मात्र काहीच नव्हती हं, मॅडम. लख्ख होतं."

हॉस्पिटलच्या रस्त्यावर झाड पडलं होतं, गाडी जाणार नव्हती. ताईनं गप्पीला दवाखान्यातल्या खुर्चीत बसवलं, पट्ट्यानं बांधलं, दिवा ओढला.

डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मेणबत्तीच्या रंगाची झाली होती. टोकं नव्हतीच. उरलेल्या भागावर छोटे छोटे त्रिकोणी खड्डे, काठ स्वच्छ.

तिनं भुलीचं इंजेक्शन मुद्दाम बाजूला ठेवलं. ब्लेड घेतलं.

पहिला काप साबणाच्या वडीतून जावा तसा गेला. वास खोलीभर पसरला. तिनं तोंड फिरवून बेसिनमध्ये उलटी केली आणि पुन्हा वळली.

"दुखलं?"

"नाही."

अजून थोडं मागे. ट्रेमध्ये तुकडा पडला, मऊ आवाज करत. "दुखलं?"

"नाही गं."

बोटांकडून तळव्याकडे सरकत ती कापत राहिली. ज्याला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं, त्याच्या हाताची ती फोड काढत होती, आणि तो शांतपणे बघत होता.

"ताई, उगाच वाया घालवतेस," तो म्हणाला.

तिनं दात आवळले आणि ब्लेड खोल घातलं.

गप्पी किंचाळला. खुर्ची हलली. रक्त आलं, लाल, गरम, खरं, तिच्या ॲप्रनवर, दिव्यावर, भिंतीवर. ताई रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. "दुखलं! दुखलं ना रे! बोल!"

"दुखलं म्हणजे? मेलो! कसाई आहेस का तू? आई गं! ताई, थांब, थांब, हात सोड, अगं काय करून ठेवलंस हे..." आणि तो बोलतच सुटला. ओरडला, रडला, शिव्या घातल्या. काकांबद्दल बोलला. किती ऊब होती म्हणाला. पहिल्या चोचीला गुदगुल्या झाल्या आणि मग काहीच कळलं नाही म्हणाला. ती टाके घालत होती, पट्टी बांधत होती आणि ती बडबड कानात साठवत होती. शेवटी इंजेक्शन दिल्यावर तो वाक्याच्या मध्येच झोपला. कपाळ तापलं होतं, पण ताप हा जिवंत माणसाचा होता.

मग ट्रे उरला.

जाळून टाकायचं ठरवून ती तो घेऊन उठली. खिडकीशी आली तेव्हा बाहेर शेवटचा उजेड होता. कठड्यावर पक्षी बसले होते, अंग फुलवून, पाठीवर बर्फाचा चुरा घेऊन. आज टकटक केली नाही कुणी. नुसते बसले होते. बघता बघता कडेचा एक परीट पक्षी कलंडला आणि पिकलं फळ गळावं तसा खाली गेला. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सकाळपर्यंत यातला एकही उरणार नव्हता.

ताई उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग तिनं कडी काढली, ट्रे जाईल एवढंच तावदान उघडलं आणि तो बाहेर सरकवला.

कात्र्या चालू झाल्या. तिनं तोंड फिरवलं नाही. ट्रे निपटून स्वच्छ झाला, रक्ताच्या थेंबांसकट. तरी कुणी उडालं नाही. एक चिमणी ट्रेची कड ओलांडून आत आली आणि ताईच्या अंगठ्यावर बसली. हातमोजे तिनं केव्हाच काढून टाकले होते. चिमणीला वजनच नव्हतं, नुसते गार पाय. तिनं चोच उघडली, पिल्लानं आईपुढे उघडावी तशी.

हात मागे घ्यायला काहीच लागणार नव्हतं. किळस आली की तो आपोआप मागे आला असता. ताई खिडकीशी उभी राहून किळस येण्याची वाट पाहू लागली.